मानसतज्ज्ञ नसलेल्या शाळेत मानसतज्ज्ञाचं काम

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या खटल्यात देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूतून तो खटला उभा राहिला होता. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं न्यायालयाने सांगितलं. ज्यांचा पट त्याहून कमी आहे, त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मिळावं, हेही त्यात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्याला यातला कमी पटाचा भाग जास्त लागू पडतो. मोठ्या गावांतली हायस्कुलं सोडली, तर वाडीवाडीतल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, शिक्षक दोन आणि इयत्ता पाच, असा हिशेब असतो. अशा शाळेला पूर्णवेळ मानसतज्ज्ञ मिळेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पण त्याचं काम नेमकं काय ते समजून घेतलं, तर त्यातला बराचसा भाग शिक्षक आणि पालक मिळून करू शकतात. उरलेल्या भागाला मात्र तज्ज्ञाशिवाय हात लावायचा नसतो. ही रेघ कुठे ओढायची, ते पुढे सांगतो.

कोण काय करतो?

आधी चार माणसं वेगळी ओळखू या. मानसतज्ज्ञ मानसशास्त्र शिकलेला असतो. तो चाचण्या घेतो, मुलाच्या अडचणीचं कारण शोधतो, बोलून आणि सराव देऊन मदत करतो. तो औषध लिहून देत नाही. औषध देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. समुपदेशक मुलाशी आणि पालकांशी बोलून मार्ग काढायला मदत करतो. विशेष शिक्षक अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेला असतो. समग्र शिक्षा योजनेत गट साधन केंद्रामार्फत वाडीतल्या शाळेपर्यंत पोहोचतो तो हाच. म्हणून मंडणगडच्या शिक्षकाने पहिला फोन त्याला करावा.

डोळे आणि कान आधी

मानसतज्ज्ञाच्या कामाचा क्रम कसा असावा, हे त्या कामाच्या सुरुवातीकडे पाहिलं की कळतं. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला लाइटनर विटमर या प्राध्यापकांकडे एका शिक्षिकेने १४ वर्षांच्या मुलाला आणलं. मुलगा बुद्धीने बरा होता, पण स्पेलिंग काही केल्या जमत नव्हतं. तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष निघाला. त्याला चष्मा मिळाला, सोबत जादा शिकवणी सुरू झाली. शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीची गोष्ट इथून सुरू होते.

त्यामुळे ‘हा लक्षच देत नाही’ असं म्हणण्याआधी त्याला फळा दिसतो का आणि मागच्या बाकावर ऐकू येतं का, ते बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा. रक्तक्षय, जंत, अपुरी झोप, सकाळी उपाशी येणं, याही गोष्टी अभ्यासावर परिणाम करतात आणि त्या शोधायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

चाचणी कशासाठी?

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागेल, ते ओळखणं हा तिचा हेतू होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्याच्या आधीच ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही ओळखली जाते. कोणतीही चाचणी सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञ एक प्रश्न विचारतो: हिचा निकाल आल्यावर या मुलासाठी आपण काय बदलणार आहोत? उत्तर नसेल, तर चाचणी कशाला?

अध्ययन अक्षमतेच्या अधिकृत तपासणीचाही क्रम ठरलेला आहे. बालरोगतज्ज्ञ मुलाला तपासतो आणि दृष्टी व श्रवण ठीक आहेत याची खात्री करून घेतो. मग बुद्धिमापन होतं, आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांच्या खास चाचण्या. आठ वर्षांखालच्या मुलाला हे प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे पहिलीतल्या मुलाची अक्षरं उलटी पडतात म्हणून घाबरून जाऊ नये. तिसरीतही तोच गोंधळ राहिला, तर मात्र थांबू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. नववी-दहावीपर्यंत कुणी विचारलंच नाही म्हणून या सवलती हातच्या जातात, हे टाळता येण्याजोगं आहे.

भाषेकडेही लक्ष हवं. बाणकोटी बोली बोलणारं मूल बोलतं तसंच लिहितं, कातकरी वस्तीतलं मूल घरी वेगळी भाषा बोलतं, उर्दू शाळेतून आलेलं मूल मराठी वाचताना अडखळतं. यातलं काहीही अक्षमतेचं लक्षण नाही. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत किंवा निदान ती कळणाऱ्या माणसाच्या मदतीने व्हावी, असा आग्रह पालकांनी धरायला हरकत नाही.

इथल्या मुलांच्या बाबतीत काय बघायचं?

पुस्तकात ताणाची कारणं म्हणून परीक्षा, मोबाइल, मित्रमंडळींचा दबाव अशी यादी असते. ती इथेही आहे, पण मंडणगडला तिच्यात भर पडते.

बाप मुंबईला, आई कधी त्याच्यासोबत, मूल आजीकडे, हे इथल्या कितीतरी घरांचं चित्र आहे. म्हाप्रळ-बाणकोट भागात बाप आखाती देशात असतो. अशा मुलाला आजी प्रेमाने सांभाळते. तरी बाप गणपतीला येऊन गेल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस मूल चिडचिड करतं, गप्प राहतं, पोट दुखतं म्हणून शाळा चुकवतं. त्या दिवसांत त्याला शिस्तीचा धडा देण्यापेक्षा बापाला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी फोन करायला सांगा. ‘वेळ मिळाला की करतो’ यापेक्षा ‘दर रविवारी संध्याकाळी’ हे मुलाला जास्त आधार देतं.

कातकरी कुटुंबं कामाच्या हंगामात मुलांना घेऊन गाव सोडतात. परतल्यावर मूल मागे पडलेलं असतं आणि त्याला ‘ढ’ म्हटलं जातं. इथे समुपदेशन नको, बुडालेला अभ्यास भरून काढायला मदत हवी.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांत घरांची आणि शाळांची छपरं उडवली, बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, शेजारच्या महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. तेव्हाची पहिली-दुसरीतली मुलं आता हायस्कुलात आहेत. जोराचा वारा सुटला की एखादं मूल दप्तर भरून दाराशी उभं राहत असेल, तर ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ असं म्हणू नका. वादळ आलं तर कुठे थांबायचं, घरी कोण कळवणार, हे सगळ्या वर्गाला एकदा नीट सांगून ठेवा. काय करायचं हे ठाऊक असलं की धीर येतो. तरीही भीती महिनोन्‌महिने तशीच राहिली, झोप उडाली किंवा मूल शाळेत येईना, तर तज्ज्ञाला दाखवा.

नोंद ठेवा, शेरा मारू नका

मानसतज्ज्ञाची मोठी सवय म्हणजे तो जे पाहिलं ते लिहितो, त्याचा अर्थ नंतर लावतो. शिक्षकांनी एवढी एक सवय उचलली तरी खूप झालं. ‘आळशी आहे’, ‘डोक्यात काही शिरत नाही’ हे शेरे झाले. ‘१२ ते २३ ऑगस्टमध्ये चार दिवस गैरहजर, मधल्या सुट्टीत एकटी बसते, पूर्वी गाणं म्हणायची, आता नाही, पोषण आहार अर्धा टाकते’ ही नोंद झाली. अशी नोंद हातात आली की तज्ज्ञाचं निम्मं काम सोपं होतं.

दोन आठवड्यांची नोंद पुरेशी असते. तिच्यात तारीख, वेळ, काय घडलं, त्याआधी काय झालं होतं आणि कशाने मूल शांत झालं, एवढं असावं. वही कपाटात, कुलपात ठेवा. ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवण्यासाठी नाही, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिच्यातलं काहीही जाता कामा नये.

मुलाला ‘गतिमंद’, ‘हायपर’, ‘डिप्रेशनवाला’ असं काहीही ठरवून टाकणं हे शिक्षकाचं काम नाही. पालकांनीही इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या सोडवून निदान करू नये. रेघेपलीकडची कामं ही आहेत: निदान, बुद्ध्यंक काढणं, औषध सुरू करणं, औषध बंद करणं आणि लैंगिक अत्याचाराबद्दल मुलाची खोदून खोदून चौकशी करणं.

रेघेअलीकडे काय काय करता येईल?

मुलाला बसायला पुढची जागा देता येते. मोठं काम तीन लहान तुकड्यांत देता येतं. तोंडी उत्तर चालवून घेता येतं. मित्र जोडून देता येतो. वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणं बंद करता येतं. हुशार आणि कच्च्या मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत अपमान करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांतही आलं आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासूनच बंदी आहे.

यातलं काही सहा आठवडे नेटाने करून बघावं. फरक पडला, तर तोच उपाय पुढे चालू ठेवायचा. नाही पडला, तर काय काय केलं याची यादी घेऊन तज्ज्ञाकडे जायचं. मानसतज्ज्ञ शाळेत असता तरी त्याने शिक्षकाला याच क्रमाने न्यायचा प्रयत्न केला असता.

पालकांशी बोलताना

आजीला शाळेत बोलावून चार जणांसमोर ‘तुमच्या नातवाला प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं, की ती दुसऱ्या दिवसापासून त्याला पाठवणारच नाही. एकटीला बसवा. मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगा, मग वहीतली नोंद सांगा, आणि ‘घरी तुम्हाला काय दिसतं, आजी?’ असं विचारून ऐकत राहा. बरीच माहिती तिथेच मिळते.

कुणी देवाला गाऱ्हाणं घातलं असेल, भगताकडे नेलं असेल, तर त्यावरून वाद घालू नका. ‘ते तुम्ही करा, पण डॉक्टरांनाही दाखवू या’ एवढं म्हणा. मात्र मुलाला मारलं जात असेल, उपाशी ठेवलं जात असेल, चटके दिले जात असतील, तर तिथे समजुतीचा सूर पुरत नाही. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा.

निर्णय घेणारा माणूस बहुतेकदा मुंबईत असतो. तपासणीला न्यायचं का, खर्च कोण करणार, हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. म्हणून पालकसभा चाकरमानी गावात असतील तेव्हा ठेवा. गणपतीत एक आणि शिमग्याला एक, अशा दोन सभा ठेवल्या, तर वर्षभरात न भेटणारे बाप भेटतात. गावाच्या मुंबई मंडळाकडून शाळेला रंग, बाकं, संगणक मिळतात. तपासणीसाठी मुलांना नेण्याच्या गाडीभाड्याचा निधीही त्यांच्याकडे मागून बघा.

कुठे पाठवायचं?

सगळ्यात जवळचा तज्ज्ञ फोनवर आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मूल, पालक, शिक्षक, कुणीही फोन करू शकतं. हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत नको. मुलांना एकट्याने वाचता येईल अशा जागी लिहा.

प्रत्यक्ष तपासणीची पहिली पायरी म्हणजे मंडणगडचं ग्रामीण रुग्णालय किंवा दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय. वयात येणाऱ्या मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ नावाची सोय असते, तिची चौकशी करा. पुढची पायरी डेरवणचं वालावलकर रुग्णालय किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. त्याचं नाव काढलं की लोक दचकतात. पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला नेणं म्हणजे मुलाला भरती करणं नव्हे, हे पालकांना आधीच सांगून टाका. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरहून लांब, म्हणजे एक पूर्ण दिवस मोडतो. म्हणून निघण्याआधी फोन करून कोणत्या दिवशी मुलांची तपासणी असते ते विचारा. नोंदवहीची प्रत, जुनी प्रगतिपुस्तकं, डोळ्या-कानांचे अहवाल आणि मुलाचं आधार कार्ड बरोबर घ्या. यातला एक कागद राहिला की दुसरी फेरी होते, आणि अनेक घरं त्या दुसऱ्या फेरीलाच थकतात.

गुपित कुठवर राखायचं?

मूल विश्वासाने काही सांगतं, तेव्हा ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मदत बोलवावी लागेल, बाकी माझ्यापाशीच राहील’ असं सुरुवातीलाच सांगा. मानसतज्ज्ञही असंच सांगतो.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत निवड उरतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी घटना कळल्यावर, किंवा तशी शंका आल्यावर, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. गावकीत मिटवून टाकू, संस्थेचं नाव जाईल, मुलीचं लग्न कसं होईल, ही बोलणी इथे चालत नाहीत. मुलाचं ऐकून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुन्हापुन्हा सांगायला लावू नका, कळवा. शाळेतल्या सखी सावित्री समितीत समुपदेशकाचीही जागा धरलेली असते. ती कागदावरच भरलेली आहे का, हे व्यवस्थापन समितीने तपासावं.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

मूल ‘मी नसलो तर बरं होईल’ असं म्हणालं, लिहिलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर ते नाटक समजू नका. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल बोलतं. मग त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांच्या हाती सोपवा आणि १४४१६ वर फोन लावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८. आंब्या-काजूच्या बागांमुळे इथे घरोघरी फवारणीची औषधं असतात. ती कुलपात जायला हवीत, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. ही सूचना एकदा सगळ्याच पालकांना द्या, म्हणजे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही.

वर्षाची आखणी

जूनमध्ये वाडीतल्या शाळेतून मोठ्या गावातल्या हायस्कुलात आलेली मुलं बघा. एसटीने येणारी, नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहणारी मुलं पहिल्या महिन्यातच कोलमडतात किंवा रुळतात. सप्टेंबरपर्यंत डोळे-कान तपासून झालेले असावेत. दिवाळीनंतर सहा आठवड्यांच्या उपायांचा आढावा घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र नववीतच हातात यावं, म्हणजे दहावीचा अर्ज भरताना धावपळ होत नाही. जानेवारीपासून दहावी-बारावीच्या मुलांकडे लक्ष द्या. परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करतं, ते फळ्यावर लिहा. एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाला तोंडी माहिती द्या: कोणत्या मुलाला काय केल्याने फायदा झाला, एवढीच.

दहावीनंतर कुठे जायचं, हाही मानसतज्ज्ञाच्या कामाचा भाग आहे. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली. चाचणी एक दिशा दाखवते, निर्णय देत नाही. मुंबईला काकाकडे जाऊन मिळेल ते करायचं, यापलीकडे दापोलीचं कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आयटीआय असे रस्ते आहेत. ते दहावीच्या निकालानंतर सांगण्यापेक्षा आठवी-नववीत नेऊन दाखवा.

तज्ज्ञ मिळाला तर

एखाद्या संस्थेने अर्धवेळ मानसतज्ज्ञ नेमायचं ठरवलं, किंवा चार शाळांनी मिळून महिन्यातून दोनदा बोलवायचं ठरवलं, तर आधी हे विचारा: शिक्षण काय, कुठून? चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणवत असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? मराठीत चाचण्या घेता येतात का? नोंदी कुठे ठेवणार आणि कुणाला दाखवणार? कोणत्या गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि तेव्हा कुणाकडे पाठवणार? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला नेमू नका. आणि त्याला एकांतात बोलता येईल अशी खोली द्या. गैरहजर शिक्षकाचा तास भरायला त्याला पाठवणार असाल, तर नेमण्याचा खर्च वाया जाईल.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे यासाठी ठराव करण्याचा अधिकार पालकांच्याच हातात आहे. पुढच्या सभेत चार ठराव मांडा: १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक कुठे लिहायचे, नोंदवही कोण ठेवणार, विशेष शिक्षक आणि रुग्णालयाशी शाळेतर्फे कोण बोलणार, आणि रत्नागिरीच्या फेरीचा खर्च कशातून करायचा. प्रत्येक ठरावापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. नाव नसलेला ठराव इतिवृत्तातच राहतो.